व्हीएलसीचा आवाज नेमका कुठे हरवला: एका वाचनालयाच्या सभागृहातलं प्रकरण

"प्लेअरमधून आवाज येत नाही" ही तक्रार माझ्याकडे बहुतेक वेळा निष्कर्षासकट येते. प्लेअर, म्हणजे संगणकावर आवाजाच्या नि चित्राच्या फाइली लावायचं व्हीएलसीसारखं सॉफ्टवेअर, डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे दोष त्याच्या माथी मारून माणसं मोकळी होतात. खाली मांडलेलं प्रकरण मला लिहून ठेवावंसं वाटलं ते वेगळ्या कारणाने. त्यात एकाच वेळी दोन दोष होते, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता आणि दोघांचाही परिणाम एकच होता: सभागृहात शांतता. त्यामुळे पहिला दोष नीट दूर केल्यावरही कुणाला काही फरक ऐकू आला नाही. अशा वेळी माणसं बरोबर केलेली दुरुस्ती उलटी फिरवतात आणि मग कितीही वेळ घालवला तरी हाती काही लागत नाही.

मांडणी

तालुक्याच्या गावातलं एक जुनं सार्वजनिक वाचनालय. दरवर्षी थंडीत त्यांची व्याख्यानमाला असते. वाचनालयाकडे पूर्वीच्या मालांच्या कॅसेट जपून ठेवलेल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा कॅसेटवरचा आवाज त्यांनी संगणकावर उतरवून घेतला होता. यंदाच्या पहिल्या संध्याकाळी त्यांतल्याच एका व्याख्यानाचा भाग ऐकवायचा आणि त्याच वेळी पडद्यावर वक्त्याची छायाचित्रं दाखवायची, असा बेत होता. वक्ते आता हयात नाहीत. त्यांचे कुटुंबीय ऐकायला येणार होते. म्हणजे 'नाही वाजलं तर पुढच्या वेळी बघू' म्हणायची सोय नव्हती.

लॅपटॉप वाचनालयाच्या कार्यालयातलाच, विंडोज १० वर चालणारा. प्लेअर व्हीएलसी, तिसऱ्या पिढीचा. लॅपटॉपमधून एचडीएमआय केबल छताला टांगलेल्या प्रोजेक्टरला जाते. हेडफोनच्या भोकातून निघालेली दुसरी केबल व्यासपीठाच्या बाजूच्या मिक्सरला (माइक वगैरेंचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला) जाते, आणि तिथून अँप्लिफायर व भिंतीवरचे चार बॉक्स. आदल्या दिवशी संध्याकाळी तालीम ठेवली. फाइल चालू केली, खालचा वेळ पुढे सरकत होता, आवाज मात्र नाही.

मी पोचेपर्यंत झालेलं

कार्यकर्त्यांनी तासभर खटपट केली होती आणि ती आळशीपणाने केलेली नव्हती. व्हीएलसीची आवाजाची पट्टी १२५ टक्क्यांपर्यंत नेली. लॅपटॉप बंद-चालू केला. व्हीएलसी काढून नव्याने टाकला. साउंडचा ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला. कुणीतरी सुचवलं म्हणून इंटरनेटवरून एक कोडेक पॅकही (वेगवेगळ्या फाइली उलगडणाऱ्या सामग्रीचा संच) उतरवून टाकला. हा शेवटचा उपाय व्हीएलसीच्या बाबतीत निरर्थकच असतो. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सेंत्रालमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून हा प्लेअर उभा राहिला, आणि वेगवेगळ्या स्वरूपाच्या फाइली उलगडण्याची बहुतेक सगळी सामग्री तो स्वतःबरोबर घेऊन येतो, विंडोजकडे मागत नाही. बाहेरून टाकलेला कोडेक पॅक त्याला दिसतही नाही. उलट अशा पॅकबरोबर ब्राउझरमध्ये नको ती भर पडते, तशी इथेही पडली होती. ती मी नंतर काढून टाकली.

मी गेलो तेव्हा सभागृहात दोन तट पडले होते. एक म्हणत होता, व्हीएलसीच खराब आहे. कारण ब्राउझरमध्ये गाणं लावलं तर ते बॉक्समधून येत होतं. म्हणजे केबल, मिक्सर, अँप्लिफायर सगळं ठीक. दुसरा तट म्हणत होता, फाइल खराब आहे. कारण तीच फाइल विंडोजच्या स्वतःच्या मीडिया प्लेअरमध्ये लावली तरी शांतता. त्यावर ग्रंथपाल मॅडमचं एकच म्हणणं होतं: "सकाळी ऑफिसात मी स्वतः ऐकलीये ही फाइल. याच लॅपटॉपवर, याच प्लेअरमध्ये."

तिघांचंही निरीक्षण खरं होतं, हे मला ठळकपणे सांगायचं आहे. कुणी चुकीचं ऐकलं नव्हतं. पण तिन्ही निरीक्षणं एकत्र ठेवली की कुठलंच एक कारण त्यांना पुरत नव्हतं. व्हीएलसी खराब म्हणावा तर दुसऱ्या प्लेअरमध्ये फाइल का वाजत नाही? फाइल खराब म्हणावी तर सकाळी कशी वाजली? केबल खराब म्हणावी तर गाणं कसं येतं? एका कारणात सगळं बसत नसेल तर कारणं एकापेक्षा जास्त असू शकतात, ही शंका इथेच यायला हवी. ती आली की तपासाची पद्धत बदलावी लागते. शेवटच्या टोकाला, म्हणजे बॉक्सपाशी, कान लावून बसण्यात अर्थ राहत नाही. आवाज फाइलपासून बॉक्सपर्यंत ज्या वाटेने जातो, त्या वाटेवरच्या प्रत्येक सांध्यावर तो पोचलाय का हे वेगवेगळं बघावं लागतं.

प्लेअरच्या आत

पहिला सांधा प्लेअरच. इथे कानाची गरजच नसते. व्हीएलसीच्या टूल्स मेनूत कोडेक इन्फर्मेशन नावाची खिडकी आहे, कंट्रोल आणि जे दाबलं की उघडते. तिच्यात फाइलमध्ये आवाजाचा प्रवाह आहे का, कोणत्या प्रकारचा आहे, किती वाहिन्या आहेत, हे सगळं लिहिलेलं असतं. आमच्या फाइलमध्ये एकच प्रवाह होता, एमपी३ जातीचा, ४४१०० हर्ट्झचा, आणि वाहिन्यांपुढे लिहिलं होतं: मोनो, म्हणजे एकच वाहिनी. कॅसेटवरचं भाषण एका माइकने टिपलेलं, त्यामुळे मोनो असणं स्वाभाविकच. मी ते कागदावर लिहून ठेवलं. पुढे याच एका शब्दाने अर्धं कोडं सोडवलं.

त्याच खिडकीत शेवटी स्टॅटिस्टिक्सचा भाग आहे. त्यात ऑडिओखाली तीन आकडे दिसतात: किती तुकडे उलगडले, किती वाजवले, किती गळाले. फाइल चालू असताना पहिले दोन आकडे भराभर वाढत असतील आणि तिसरा शून्यावर असेल, तर प्लेअरने आपलं काम चोख केलंय. फाइल वाचली, उलगडली, आणि आवाज विंडोजच्या हवाली केला. आमच्याकडे नेमकं हेच दिसत होतं. कुठल्याही 'आवाज नाही' तक्रारीत मी सगळ्यात आधी ही खिडकी उघडतो, कारण अर्ध्या मिनिटात तक्रारीची दिशा ठरते. उलगडलेल्यांचा आकडाच हलत नसेल तर ऑडिओ ट्रॅक बंद आहे किंवा फाइलमध्येच अडचण आहे. उलगडलेले वाढतायत पण वाजवलेले शून्यावरच आहेत, तर प्लेअरला आवाजाचं उपकरण उघडता येत नाही. दोन्ही वाढतायत, तर प्लेअर निर्दोष, पुढे चला.

एक अपवाद इथे ध्यानात ठेवावा. व्हीएलसीच्या ऑडिओच्या पसंतींमध्ये एचडीएमआय किंवा एसपीडीआयएफ (आवाज डिजिटल रूपात बाहेर नेणारी जोडणी) पासथ्रू अशी एक सोय आहे. ती चालू असेल आणि चित्रपटाचा आवाज डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस प्रकारचा असेल, तर प्लेअर तो न उलगडता तसाच पुढे पाठवतो. समोरच्या टीव्हीला किंवा रिसीव्हरला ती भाषा कळत नसेल तर शांतता. आमची फाइल एमपी३ असल्यामुळे हा प्रश्न इथे येत नव्हता.

विंडोजचा मिक्सर आणि पहिला दोष

दुसरा सांधा विंडोज. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चित्रावर उजवी टिचकी मारून व्हॉल्यूम मिक्सर उघडला. विंडोज १० मध्ये इथे प्रत्येक चालू सॉफ्टवेअरची स्वतंत्र पट्टी दिसते आणि आवाज जात असेल तर पट्टीत हिरवा रंग वरखाली होतो. ब्राउझरची पट्टी होती. सिस्टिम साउंड्सची होती. व्हीएलसीची पट्टीच नव्हती. प्लेअर तर म्हणतोय मी आवाज दिला, मग गेला कुठे?

त्या खिडकीत डावीकडे वर, 'डिव्हाइस' लिहिलेल्या ठिकाणी, एक छोटा बाण असतो. बहुतेकांचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. तो दाबला की संगणकाला माहीत असलेल्या आवाजाच्या सगळ्या उपकरणांची यादी येते. यादीत लॅपटॉपचे स्पीकर होते आणि खाली प्रोजेक्टरचं नाव होतं. प्रोजेक्टर निवडला, आणि तिथे व्हीएलसीची पट्टी सापडली, हिरवा रंग वक्त्याच्या बोलण्याबरोबर नाचतोय. व्याख्यान चालू होतं, ते छताला टांगलेल्या प्रोजेक्टरला ऐकू जात होतं. त्याचा छोटा स्पीकर शून्यावर नेऊन ठेवलेला होता.

एचडीएमआय केबल चित्राबरोबर आवाजही नेते. पलीकडचं उपकरण 'मी आवाज घेऊ शकतो' असं सांगतं आणि विंडोज त्याला यादीत घेतं. त्याचा स्पीकर बारीक केलाय, बंद केलाय, याच्याशी विंडोजला देणंघेणं नसतं. हे सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, म्हणून कार्यकर्त्यांनी मुख्य उपकरण लॅपटॉपचे स्पीकर हेच निवडून ठेवलं होतं. ब्राउझर त्याप्रमाणे वागत होता. व्हीएलसी का नाही?

उत्तर विंडोजच्या एका कमी वापरल्या जाणाऱ्या पानावर होतं. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, आणि त्या पानाच्या अगदी तळाशी अ‍ॅप व्हॉल्यूम अँड डिव्हाइस प्रेफरन्सेस. २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून ही सोय आली. प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळं उपकरण नेमून देता येतं. विंडोज ११ मध्ये हेच साउंडच्या पानावरच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये मिळतं. व्हीएलसीसमोर आउटपुट म्हणून प्रोजेक्टरचं नाव निवडलेलं होतं. मॅडमना आठवलं, पावसाळ्यात वरच्या छोट्या खोलीत मुलांना माहितीपट दाखवला होता, तेव्हा मिक्सर नव्हता म्हणून एका मुलाने आवाज प्रोजेक्टरमधूनच काढला होता. त्याने केलं ते त्या दिवसापुरतं बरोबरच होतं.

आता मॅडमचं सकाळचं निरीक्षणही जागेवर बसलं. नेमलेलं उपकरण जोडलेलं नसेल तर विंडोज गुपचूप मुख्य उपकरणाकडे वळतं. ऑफिसात एचडीएमआय केबल नव्हती, म्हणून फाइल लॅपटॉपच्या स्पीकरवर वाजली. सभागृहात केबल लावली की विंडोजला जुनी नेमणूक आठवते. आणि व्हीएलसी काढून पुन्हा टाकून उपयोग का झाला नाही, तेही यातच आलं. ही नोंद व्हीएलसीकडे नसतेच, विंडोजकडे असते, आणि सॉफ्टवेअर त्याच जागी पुन्हा आलं की तीच लागू होते. लिनक्सवर आवाज कुठे पाठवायचा ते सांभाळणारा पल्सऑडिओसुद्धा प्रत्येक सॉफ्टवेअरचं शेवटचं उपकरण असंच लक्षात ठेवतो, आणि तिथेही लोक प्लेअर काढून-टाकून दमतात. तिथे पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल उघडून प्लेबॅकच्या भागात तो प्रवाह कुठे चाललाय हे बघावं.

मी व्हीएलसीचं आउटपुट डिफॉल्टवर आणलं. व्हॉल्यूम मिक्सरमध्ये पट्टी लगेच स्पीकरच्या रांगेत आली आणि हिरवी झाली. सगळ्यांनी बॉक्सकडे बघितलं.

शांतता.

जिथे सगळं बिघडू शकलं असतं

कीबोर्डपाशी बसलेला कार्यकर्ता म्हणाला, "म्हणजे ते नव्हतंच, दादा. परत होतं तसं करू का?" आणि त्याचा हात माउसकडे गेला.

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे. बदल करून बघितला, फरक पडला नाही, म्हणजे तो बदल अनावश्यक होता, हा हिशेब एकच दोष असेल तेव्हाच बरोबर असतो. दोन दोष एकामागे एक असतील तर पहिला काढल्यावर दुसरा तितकाच घट्ट उभा असतो, आणि टोकाला काहीच बदललेलं दिसत नाही. मग माणूस पहिला बदल मागे घेतो, दुसरीकडे वळतो, पुढे दुसरा दोष योगायोगाने निघाला तरी आता पहिला परत आलेला असतो. पुन्हा शांतता. असं फिरत राहता येतं रात्रभर. म्हणून बदल टिकवायचा की नाही ते शेवटच्या आवाजावरून ठरवू नये. त्या बदलाच्या अगदी पुढच्या सांध्यावर फरक पडला का, यावरून ठरवावं. पट्टी स्पीकरच्या रांगेत आली होती. बदल बरोबर होता. तो तसाच राहू दिला.

मग मिक्सरला जाणारी केबल लॅपटॉपमधून काढली आणि तिथे साधे इअरफोन लावले. व्याख्यान स्वच्छ ऐकू आलं, दोन्ही कानांत. मॅडमना दिले, त्यांनी ऐकलं आणि नुसती मान हलवली. आता लॅपटॉप, विंडोज, व्हीएलसी, फाइल, सगळी सुटली. राहिली ती हेडफोनच्या भोकाच्या पुढची वाट. व्हीएलसीवरचा आरोप इथे संपला, तरी आवाज अजून आलेला नव्हता.

केबल आणि दुसरा दोष

साउंडचं काम बघणारे काका मिक्सरपाशी होते. त्यांचं म्हणणं, "चॅनल चालू आहे, मघाशी गाणं आलं की याच्यातून." खरंच आलं होतं. मी पुन्हा ब्राउझरमध्ये एक गाणं लावायला सांगितलं आणि सगळ्यांना जरा शांत राहून ऐकायची विनंती केली. तबला, तंतुवाद्यं, आवाजाभोवतीची घुमक, हे सगळं येत होतं. गाणाराच नव्हता. अगदी नव्हता असं नाही, लांबून पुसट यावा तसा होता. मघाशी गोंगाटात 'गाणं येतंय' एवढंच सगळ्यांनी टिपलं होतं.

मग व्याख्यान लावलं. मिक्सरच्या त्या चॅनलवरचा सिग्नलचा दिवा लागलाच नाही. काकांनी सवयीने पी-३८ पिन (मिक्सरला लागणारी जाड पिन) थोडी बाहेर ओढली, आणि व्याख्यान एकदम सभागृहात घुमलं. "ही पिन अशीच आहे, अर्धी ओढली की येतो आवाज," ते म्हणाले. पिन जुनी झाली, भोक सैल झालं, असं ते समजून चालले होते. पिन नवीकोरी होती.

झालं होतं ते असं. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून तीन तारा निघतात: डावा आवाज, उजवा आवाज आणि दोघांची सामाईक अर्थिंगची तार. साडेतीन मिलिमीटरच्या पिनेवर काळ्या रेघांनी वेगळे केलेले तीन भाग दिसतात ते हेच. केबलच्या दुसऱ्या टोकाला तशीच तीन भागांची मोठी पी-३८ पिन होती. मिक्सरच्या मोनो चॅनलचं भोकही तीन भागांचंच असतं, त्यामुळे पिन छान बसते. पण मिक्सर त्या तीन भागांचा अर्थ वेगळा लावतो. त्याच्या दृष्टीने टोक म्हणजे आवाज, मधलं कडं म्हणजे त्याच आवाजाची उलटी प्रत. तो पहिल्यातून दुसरा वजा करतो. लांबच्या तारेवर जी घरघर शिरते ती दोन्ही तारांवर सारखी शिरते, म्हणून वजाबाकीत ती मरते आणि मूळ आवाज उरतो. यालाच बॅलन्स्ड इनपुट म्हणतात, आणि माइकसाठी ती उत्तम व्यवस्था आहे.

आता या भोकात लॅपटॉपचा स्टीरिओ, म्हणजे डावा-उजवा वेगळा असलेला, आवाज घातला तर मिक्सर डाव्यातून उजवा वजा करणार. मोनो ध्वनिमुद्रणात डावा आणि उजवा तंतोतंत एकच असतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखं वजन, काटा मधोमध, बाकी शून्य. म्हणून व्याख्यान पूर्ण गायब. गाण्यात गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो, म्हणून तो मरतो. वाद्यं आणि घुमक डावी-उजवीकडे वेगवेगळी पसरलेली असतात, म्हणून ती उरतात. दुसऱ्या प्लेअरमध्येही फाइल का वाजली नाही, त्याचं उत्तर हेच. तो प्लेअर प्रोजेक्टरला नेमलेला नव्हता, त्याचा आवाज मिक्सरपर्यंत व्यवस्थित पोचत होता आणि तिथे स्वतःलाच खोडत होता.

पिन अर्धी ओढली की तिचं टोक मिक्सरच्या मधल्या कड्यापाशी येतं. मग एकटा डावा आवाज आत जातो, वजा व्हायला समोर कुणी नसतं, आणि आवाज येतो. पण तेव्हा पिनेचं मधलं कडं अर्थिंगला टेकतं, म्हणजे लॅपटॉपचं उजवं आउटपुट शॉर्ट होतं. कार्यक्रमभर ते तसं ठेवणं लॅपटॉपच्या भल्याचं नाही, शिवाय कुणाचा पाय केबलला लागला की पिन पूर्ण आत, आणि व्याख्यान बंद.

काकांना हे पटायला माझं बोलणं पुरेसं नव्हतं आणि पुरायला हवं असंही नाही. त्यांनी वर्षानुवर्षं पिन ओढून आवाज काढलाय. म्हणून दोन चाचण्या केल्या. पिन पूर्ण आत बसवली. विंडोजच्या साउंड कंट्रोल पॅनेलमध्ये स्पीकरच्या प्रॉपर्टीज उघडून लेव्हल्सच्या भागात बॅलन्सचं बटण आहे. तिथे डाव्या आणि उजव्या बाजूची पट्टी वेगळी हलवता येते. व्याख्यान चालू ठेवून उजवी पट्टी हळूहळू खाली आणत गेलो. ती जशी उतरत गेली तसा सभागृहातला आवाज चढत गेला, शून्यावर आली तेव्हा व्याख्यान पूर्ण आवाजात होतं. पट्टी कमी केली की आवाज वाढतो, हे बघितल्यावर काका स्वतः येऊन पट्टी वरखाली करून बघायला लागले. दुसरी चाचणी उलटी. पट्ट्या पुन्हा सारख्या केल्या, ब्राउझरमध्ये गाणं लावलं, आणि विंडोजच्या ईझ ऑफ अ‍ॅक्सेसमधलं मोनो ऑडिओ चालू केलं. आतापर्यंत निदान वाद्यं तरी येत होती, ती पण गेली. वजाबाकीवर शिक्कामोर्तब झालं.

दुरुस्ती

त्या रात्रीची तालीम उजवी बाजू शून्यावर ठेवूनच उरकली. मोनो फाइलला त्याने काही तोटा होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी बाजारातून योग्य केबल आणली: एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची स्टीरिओ पिन, दुसऱ्या टोकाला दोन वेगवेगळ्या मोनो पी-३८. मिक्सरवर शेवटी डाव्या-उजव्याची जोडी असलेला स्टीरिओ चॅनल होता, पण त्यात कॉर्डलेस माइकचे दोन रिसीव्हर लावलेले होते. ते मोनो चॅनलवर हलवले, जिथे त्यांची खरी जागा होती, आणि लॅपटॉप स्टीरिओ जोडीत आला. विंडोजमधल्या दोन्ही पट्ट्या सारख्या केल्या, मोनो ऑडिओ बंद केलं.

स्टीरिओ चॅनल मोकळा नसेल तर दोन्ही बाजू एका मोनो पिनेत आणता येतात, पण डावी आणि उजवी तार सरळ एकत्र पिळू नये. दोन्ही आउटपुट एकमेकांवर भार टाकतात. प्रत्येकीच्या वाटेत साधारण एक किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडावं. ज्याला डाग देता येतो त्याच्यासाठी हे काही मिनिटांचं काम आहे.

नवी केबल लावल्यावर बारीक घरघर आली. ती अपेक्षितच होती. आधीच्या भोकात वजाबाकी आवाजाबरोबर घरघरही मारत होती, आता दोन्ही वाचले. लॅपटॉपचा चार्जर आणि प्रोजेक्टर विजेच्या एका बोर्डवर होते, मिक्सर व्यासपीठामागच्या दुसऱ्या बोर्डवर. लॅपटॉपचा चार्जर मिक्सरच्या बोर्डवर घेतला तशी ती बरीच उतरली, आणि व्याख्यान चालू असताना जाणवेनाशी झाली. ज्यांना एवढ्यावर भागत नाही त्यांनी ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगमधून शिरणारी घरघर अडवणारं छोटं उपकरण) बसवावा.

संध्याकाळी व्याख्यान पहिल्या शब्दापासून ऐकू आलं. कॅसेटची सूक्ष्म सळसळ, मध्येच श्रोत्यांतलं कुणाचं खोकणं, सगळं.

त्यानंतर लॅपटॉपवर दोन गोष्टी कायमच्या केल्या. साउंड कंट्रोल पॅनेलच्या यादीत प्रोजेक्टरचं आवाजाचं उपकरण डिसेबल केलं, म्हणजे एचडीएमआय केबल लावली की विंडोज परस्पर तिकडे वळणार नाही. आणि डेस्कटॉपवर एक छोटी फाइल ठेवली, ज्यात आधी फक्त डावीकडून, मग फक्त उजवीकडून आणि शेवटी दोन्हीकडून एकच आवाज 'डावा', 'उजवा', 'दोन्ही' असं म्हणतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती कुणालाही बनवता येते. कार्यक्रमाआधी ती व्हीएलसीत लावायची. तिन्ही शब्द आले तर वाट मोकळी आहे. पहिले दोन आले आणि तिसरा नाही, तर मिक्सरवरची पिन चुकीच्या भोकात आहे. तिन्ही नाहीत, तर आधी व्हॉल्यूम मिक्सरमधला तो छोटा बाण दाबून व्हीएलसी कुणाच्या रांगेत उभा आहे ते बघायचं. वरच्या छोट्या खोलीत पुन्हा कधी प्रोजेक्टरमधूनच आवाज हवा असेल तर त्याच यादीत उजवी टिचकी मारून 'शो डिसेबल्ड डिव्हाइसेस' निवडायचं, उपकरण परत चालू करायचं, आणि कार्यक्रम संपला की पुन्हा बंद करायचं. हे सगळं मॅडमनी लॅपटॉपच्या बॅगेतल्या वहीत लिहून घेतलं आहे.